हायफाय



बुलढाण्याहून जालन्याच्या हद्दीकडे निघालं की धाड हे गाव लागतं. स्वातंत्र्यापूर्वी अलीकडे इंग्रजी अमलातला वऱ्हाड आणि पलीकडे निजामाचं राज्य होतं. अशा शिवेवरची बोली नव्या शब्दाला चटकन जागा देते. फारसीतून आलेला 'जबरदस्त' इथे कुणाला परका वाटत नाही. तसाच आता 'हायफाय' रुळला आहे.

हा शब्द मुळात ध्वनीच्या दुनियेतला. 'हाय फिडेलिटी' म्हणजे मूळ आवाजाशी इमान. गवयाच्या गळ्यातून निघाला तसाच सूर यंत्रातून ऐकू यावा, एवढीच त्याची मागणी. 1950च्या दशकात रेकॉर्ड वाजवण्याच्या यंत्रांबरोबर 'हाय-फाय' हे लघुरूप इंग्रजीत रूढ झालं. 1999 साली 'वाय-फाय' हे नाव ठेवलं गेलं, तेही याच धर्तीवर. ही यंत्रं महागडी, त्यामुळे असेल कदाचित, आपल्याकडे आवाज मागे पडला आणि थाटमाट तेवढा उरला.

मराठीनं त्याला आपल्या वळणावर आणलंय. हायफाय बंगला, हायफाय शाळा, हायफाय माणसं: लिंगवचनानं त्याचं रूप बदलत नाही. वर 'पणा' जोडून 'हायफायपणा'ही झाला. खरी गंमत मात्र सुरात आहे. 'एकदम हायफाय लगन झालं' यात कौतुक आहे. 'लय हायफाय झाली बाप्पा आता!' हे पुण्याहून शिकून आलेल्या पोरीला ऐकवलं, की त्यात टोमणा असतो. शब्द तोच, पण तिला तो गावापासून दोन हात लांब बसवतो.

मला हा दुसरा वापर बोचतो. पोरगी बँकेत न घाबरता चार प्रश्न विचारते, अर्जावर काय लिहिलंय ते वाचून मगच सही करते. हे तिचं शिक्षण आहे, त्याला थाटमाट म्हणू नये. असा टोमणा वारंवार कानी पडला, की ती चारचौघांत बोलायचंच टाळते. घरच्या मोठ्यांनी हे लक्षात घ्यावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

याच शब्दाचा तिसरा वापर मला फार आवडतो, आणि तो नकारातला आहे. पाहुण्यापुढे ताट ठेवताना घरधनीण म्हणते, "हायफाय काही नाही बरं, भाकर अन् ठेचा हाये." यात संकोच थोडा आणि आपलेपणा जास्त. पाहुण्यानंही मग आढेवेढे न घेता दुसरी भाकर मागून घ्यावी.