‘रिसीट’मधला ‘पी’
(छत्रपती संभाजीनगर येथे मंडळीपुढे केलेले भाषण)



कन्नड तालुक्यातल्या भिल्ल वस्तीवर आपला संध्यावर्ग भरतो. तिथल्या सहावीतल्या एका मुलीनं देणगीच्या पावतीवर बोट ठेवून मला विचारलं, “दादा, ‘रिसीट’मधला ‘पी’ कुणी म्हणतच नाही, मग लिहायचा कशाला?” श्रुतलेखनात तिनं तो गाळला, तेव्हा सगळा वर्ग हसला होता. त्यानंतर आठवडाभर ती शाळेत गेली नव्हती.

प्रश्न रास्तच होता. लॅटिन मूळ दिसावं म्हणून पंडितांनी हा ‘पी’ मागाहून घुसवला. ‘नाइफ’मधला ‘के’ मात्र पूर्वी खरोखर उच्चारला जाई. तोंडातून गेला, कागदावर राहिला. हे ऐकून तिला धीर आला.

आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे. या लेकरांच्या घरी भिली, शाळेत मराठी आणि वर इंग्रजी. देवनागरीत बोलतो तसं लिहितो (ऱ्हस्व-दीर्घाचं सोडा, तिथं मीही चुकतो). म्हणून आम्ही लिहिण्यापुरता निराळा उच्चार शिकवतो. ‘वेन्सडे’ लिहिताना मनात म्हणायचं ‘वेड-नेस-डे’. ‘फेब्रुवारी’ला तर मराठीच धावून येते: पुष्कळ इंग्रजी बोलणारे त्यातला पहिला ‘आर’ गिळतात, आपण तो स्पष्ट म्हणतो! रोज पाचच शब्द घेतो. बाजारातले, दवाखान्यातले, बँकेतले.

वह्या तुम्ही भरपूर दिल्यात. आता शेजारी बसणारी माणसं हवीत, आठवड्यातून एक संध्याकाळ. उपासनेनंतर पाळकांकडे नाव द्या. ‘पी’ची गोष्ट धाकट्यांना सांगायचं काम त्या मुलीनं आधीच घेतलं आहे.