सरकारी वकील आणि लोकमत

अमेरिकेतील बहुतेक परगण्यांत सरकारी वकील मतदार निवडतात. आपल्याकडे तो नेमला जातो. नवी मुंबईचा मोठा भाग ज्या ठाणे जिल्ह्यात मोडतो, तेथील सरकारी वकिलालाही कोणापुढे मतांसाठी हात जोडावे लागत नाहीत. निदान सात वर्षांची वकिली आणि सत्र न्यायाधीशांचा सल्ला पाहून सरकार त्यास नेमते.

या भेदाचे मर्म श्री. उज्ज्वल निकम यांच्या चरित्रात दिसते. जळगावच्या या वकिलाने 1993 च्या मुंबई बॉम्बस्फोटांचा खटला सरकारतर्फे चालविला. पुढे अजमल कसाबचाही. त्यास 2010 मध्ये फाशीची शिक्षा झाली. कसाबने तुरुंगात बिर्याणी मागितल्याची गोष्ट तेव्हा घरोघरी पोहोचली होती. ती आपण रचली होती, आरोपीविषयी निर्माण होऊ लागलेली सहानुभूती ओसरावी म्हणून, असे निकमांनीच 2015 मध्ये सांगितले.

श्रोतेहो, प्रश्न येथेच उभा राहतो. ती गोष्ट न्यायासनापुढील पुरावा नव्हती. ती लोकांसाठी होती. 2024 मध्ये निकम लोकसभेसाठी उभे राहिले व 16,514 मतांनी पराभूत झाले. 2025 मध्ये राष्ट्रपतींनी त्यांस राज्यसभेवर नियुक्त केले. राजकारणात लोकमत जिंकणे हा धर्मच होय. परंतु सरकारी वकिलाचा धर्म निराळा : आरोपीस अनुकूल असलेला पुरावाही न दडविता न्यायासनापुढे ठेवणे. नेमणुकीने मतपेटी दूर राहते. टाळ्यांचा मोह मात्र ज्याचा त्यानेच आवरावा लागतो.