जिवाणू मजुरी मागत नाहीत, पण खायला मागतात



कापूस-ज्वारीच्या खर्चाने आपण पिचलो, म्हणून जो तो सांगतो, औषधी वनस्पती लावा. लावू, पण हिशेबाने. आपल्या हलक्या, निचऱ्याच्या जमिनीत कोरडवाहू अश्वगंधा येते. विकायचे ते तिचे मूळ. पाणी साचले की ते सडते.

तिला नत्र-स्फुरद पोत्यातूनच द्यावा असे नाही. हवेत नत्र भरपूर, पण पिकाला तो थेट घेता येत नाही. ॲझोटोबॅक्टर जिवाणू तो जमिनीत आणतात. चुनखडीच्या मातीत अडकलेला स्फुरद दुसरे जिवाणू आम्ल सोडून मोकळा करतात. हे गडी मजुरी मागत नाहीत, पण त्यांना शेणखत आणि ओल लागते. तापल्या, उघड्या रानात ते मरतात.

250 ग्रॅमचे पाकीट 10 किलो बियाण्याला पुरते. गुळाच्या थंड पाण्यात कालवून बियाण्याला चोळायचे, सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरायचे. उरलेले शेणखतातून द्यायचे. रासायनिक खतात मिसळायचे नाही. मुदत वाचल्याशिवाय पाकीट घ्यायचे नाही.

जिवाणूंनी खर्च कमी होईल, भाव वाढणार नाही. अश्वगंधेची मोठी बाजारपेठ मध्य प्रदेशात नीमचला आहे. भाडे, आडत, वाळवणी वजा जाता हाती काय उरते, ते आधी काढू. ‘माल आम्हीच घेऊ’ म्हणणाऱ्याकडून भाव कागदावर लिहून घेऊ.

पहिल्या वर्षी अर्धाच एकर. त्यातली चार तासे जिवाणूंशिवाय ठेवू. फरक आपल्या डोळ्यांनी पाहू, मगच वाढवू.