आपली पडवी कुठे गेली?
(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषण)



कमिटीने मला पंचवीस वर्षांच्या हिशेबावर बोलायला सांगितलंय. पण हिशेब बँकेत खूप केले. आज जरा घरावर बोलतो.

मध्यंतरी मुंबईला लेकीकडे गेलो होतो. तिने कंबाला हिलवरची ‘कांचनजंगा’ इमारत दाखवली, अर्थात रस्त्यावरूनच! चार्ल्स कोरिया यांनी प्रवीणा मेहता यांच्यासह केलेलं हे काम १९८३ साली पूर्ण झालं. २८ मजले, उंची ८४ मीटर, आणि घरं फक्त ३२. कोपऱ्यांत दोन-दोन मजले उंचीच्या मोकळ्या गच्च्या. मला वाटलं, श्रीमंतांची हौस.

पण कारण वेगळं आहे. मुंबईत समुद्र आणि वारा पश्चिमेला. दुपारचं ऊन आणि पावसाची झडही तिकडूनच. जुन्या बंगल्यांत खोल्यांभोवती व्हरांडा असे, तो हे सगळं अंगावर घेई. कोरियांनी तोच व्हरांडा उंचावर नेला आणि त्याची बाग केली.

म्हणजे आपली पडवीच की! आंदर मावळातला पाऊस तुम्हाला मी काय सांगू? पडवी नसती तर पाणी थेट माजघरात आलं असतं. सरपण, इरली, म्हातारी माणसं, सगळ्यांची जागा पडवीत.

इथे राहायला आलो त्याच वर्षी मी बाल्कनी स्लायडिंग लावून बंद केली. खोली वाढली, मी खूश. मग गावाहून आबा आले. सकाळी उठले की जिन्याच्या पायरीवर जाऊन बसायचे. मी म्हणायचो, “आबा, आत बसा, लोक काय म्हणतील?” ते म्हणाले, “आत काय बसू? येणारा-जाणारा दिसत नाय.” अकराव्या दिवशी गावी गेले, ते परत आले नाहीत.

घरकर्जाच्या प्रत्येक अर्जावर मी चौरस फूट तपासले. माझ्या घरात बापाला बसायला जागा कुठे, ते तपासायचं राहिलं. आता मी त्यांच्या वयाचा झालोय, आणि त्याच पायरीवर बसतो.

येत्या सभेत प्रवेशाजवळची मोकळी जागा बंद करून गाळा काढायचा विषय आहे. भाडं येईल, कबूल. तरी माझा विरोध नोंदवून घ्या. तिथे दोन बाकडी टाकू, खर्च माझा. आणि माझी स्लायडिंग दिवाळीआधी निघणार आहे.