ताळा करून पाहणारा जिल्हा



वर्धा जिल्हा तसा लहान. मुंबई-हावडा मार्गावरचे एक जंक्शन, भोवती काळी जमीन आणि तिच्यात पऱ्हाटी, तूर, सोयाबीन. पाहुण्यांची मात्र या गावाला जुनी सवय आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत ९६ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथेच भरले होते. साहित्यिकांचे मानपान सांभाळलेले गाव शास्त्रज्ञांना भिणार नाही, एवढे आश्वासन या विज्ञान परिषदेची स्वागत समिती बेलाशक देऊ शकते.

वर्धेकरांची एक खोड तेवढी आधीच सांगून ठेवलेली बरी. इथला माणूस नव्या गोष्टीने चटकन हरखत नाही. तो आधी ताळा करून पाहतो. हे आमच्या माणसांना लागू पडते का, आमच्या उन्हापावसात टिकते का आणि कितीला पडते? या जिल्ह्याने विज्ञानाला जे दिले, त्यातले बरेचसे या खोडीतूनच आले आहे.

डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. कारभार जे. सी. कुमारप्पांकडे, मुक्काम मगनवाडीत. संघाच्या सल्लागारांत जगदीशचंद्र बोस, प्रफुल्लचंद्र राय आणि चंद्रशेखर वेंकट रामन यांची नावे होती. चारच वर्षांपूर्वी प्रकाशाच्या विकिरणासाठी नोबेल मिळवलेला भौतिकशास्त्रज्ञ आणि तेलघाणीचा बैल एकाच संस्थेच्या कागदपत्रांत! अभ्यासाचे विषयही तसेच होते. गिरणीच्या पॉलिशने तांदळातले काय निघून जाते, गुळात असलेले साखरेत का उरत नाही, असले. झवेरभाई पटेलांनी इथे घाणीची रचना सुधारली आणि ती ‘वर्धा घाणी’ या नावाने ओळखली जाऊ लागली. रॉकेलऐवजी गोडेतेलावर जळणारा ‘मगनदीप’ हा कंदीलही इथलाच. त्याला त्या काळी कोणी मटेरियल सायन्स म्हटले नाही. आज महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था मगनवाडीतच काम करते.

कुष्ठरोगाची हकीकत याहून मोठी आहे. मनोहर दिवाण यांनी १९३६ साली दत्तपूरला कुष्ठधाम सुरू केले. पुढे १९५१ मध्ये गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान वर्ध्यात आले आणि डॉ. आर. व्ही. वारदेकरांनी प्रचलित रीत उलटी केली. तोवर रोग्याला गावापासून तोडून दवाखान्याच्या आवारात ठेवत. वारदेकरांनी दवाखानाच गावात नेला. कार्यकर्ता घरोघरी जाई, अंगावरचा फिकट चट्टा शोधी, माणसाला डोळे मिटायला सांगून त्यावर कापसाचे टोक टेकवी आणि ‘कुठे लागलं, बोट ठेवा’ म्हणे. बोट जागेवर गेले नाही की नाव वहीत चढे आणि डॅप्सोनच्या गोळ्या घरपोच सुरू होत. पाहणी, शिक्षण आणि उपचार अशा या तिहेरी पद्धतीला ‘सेट’ म्हणतात. राष्ट्रीय कार्यक्रमाने ती उचलली. पुढे एकट्या डॅप्सोनला जंतू दाद देईनासा झाला आणि जागतिक आरोग्य संघटनेने तीन औषधांचा एकत्रित उपचार सुचवला. देशात तो सर्वांत आधी ज्या जिल्ह्यांत सुरू झाला, त्यांत पश्चिम बंगालमधील पुरुलियाबरोबर वर्धा होता.

डिसेंबर २००५ मध्ये देशातले प्रमाण दर दहा हजारी एकाच्या खाली आले आणि अनेकांनी विषय संपला असे मानले. तो संपलेला नाही. जगातल्या नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतात सापडतात. आणि जंतूही अजून चकवतो आहे. २००१ मध्ये त्याचा जनुकसंच वाचला गेला, तेव्हा १६०४ जनुके चालू आणि १११६ बंद पडलेली निघाली. इतका दुसऱ्याच्या पेशींवर विसंबलेला हा जीव काचेच्या बशीत आजवर कोणालाही वाढवता आलेला नाही. म्हणून संशोधकांना उंदराच्या तळपायाचा किंवा अमेरिकेतल्या आर्माडिलो या खवल्यांच्या प्राण्याचा आसरा घ्यावा लागतो. त्याच आर्माडिलोत २०२२ साली एडिनबरोच्या अनुरा रंबुक्काना यांच्या गटाला एक विलक्षण गोष्ट दिसली. कुष्ठाच्या जंतूने त्यांची यकृते मोठी केली होती. त्यात ना गाठ होती, ना व्रणाचे जाळे. रक्तवाहिन्या, पित्तनलिका सगळे प्रमाणात वाढलेले. यकृताच्या पेशींचे घड्याळ जंतूने मागे फिरवले असावे, असे जनुकांच्या नोंदींवरून दिसते. नसा बधिर करणारा जंतू अवयव वाढवतो, ही बातमी दत्तपूरच्या जिल्ह्यात कुतूहलाने वाचली जाणारच. पण माणसाच्या यकृतापर्यंतचा रस्ता अजून बराच लांब आहे, हेही त्याच दमात सांगितले पाहिजे. वर्तमानपत्रांचे मथळे तेवढे सांगत नाहीत.

सेवाग्रामला गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, डॉ. सुशीला नायर यांनी वैद्यकीय महाविद्यालय काढले. देशातले हे पहिले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय. ताळा करून पाहण्याचा सर्वांत देखणा नमुना तिथलाच आहे.

क्षयाचा छुपा संसर्ग ओळखण्यासाठी शंभर वर्षे एकच चाचणी होती, मांटूची. हाताच्या पुढच्या भागात कातडीच्या थरातच द्रवाचा एक थेंब टोचायचा, दोन-तीन दिवसांनी उठलेली टणक गाठ बोटाने चाचपायची आणि पट्टीने किती मिलिमीटर ते मोजायचे. स्वस्त, पण बदनाम. बीसीजी टोचलेल्या माणसाची गाठ खोटीच उठते, असा तिच्यावरचा आरोप होता. मग रक्ताची नवी चाचणी आली. रक्त क्षयजंतूच्या निवडक प्रथिनांबरोबर ठेवायचे आणि पांढऱ्या पेशी किती गॅमा इंटरफेरॉन सोडतात ते मोजायचे. प्रयोगशाळा लागते, किट लागते, पैसे लागतात. श्रीमंत देशांत तिचा बोलबाला झाला.

मधुकर पै, रजनीश जोशी, डॉ. एस. पी. कलंत्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेवाग्रामच्या रुग्णालयातल्या ७२६ कर्मचाऱ्यांवर दोन्ही चाचण्या एकदमच केल्या. डॉक्टर, परिचारिका, विद्यार्थी, वॉर्डात राबणारे, सगळेच त्यांत आले. २००५ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकाने निष्कर्ष छापला. मांटूत ४१ टक्के पॉझिटिव्ह, रक्तचाचणीत ४० टक्के. दोन्हींचे एकमत ८१ टक्क्यांवर. बीसीजीने फारसा फरक पडलेला नव्हता. महागड्या पाहुणीने जुन्या गावकरणीपेक्षा काही वेगळे सांगितले नाही! त्याहून गंभीर गोष्ट अशी, की कोणत्या ना कोणत्या चाचणीत निम्मे कर्मचारी संसर्ग झालेले निघाले आणि नोकरीची वर्षे वाढतील तसा धोका वाढत होता. रुग्णालयात काम करणे हाच एक रोगाचा रस्ता आहे, हे आकड्यांनी समोर ठेवले.

पुढे पुरावे साठत गेले आणि २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांनी मांटूच्या जागी ही रक्तचाचणी आणू नये, असे सांगितले. गोष्ट तिथे थांबली नाही. रक्तचाचणीतली तीच निवडक प्रथिने कातडीत टोचण्याची युक्ती निघाली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची अशी चाचणी २०२२ साली मान्यताप्राप्त चाचण्यांत आली. अचूकपणा नव्याचा, पट्टी जुनीच.

क्षयावरचा अलीकडचा सर्वांत मोठा निष्कर्ष मात्र झारखंडचा आहे, आणि मगनवाडीच्या लोकांना तो ऐकून आनंद झाला असता. अनुराग आणि माधवी भार्गव यांच्या ‘रेशन्स’ या अभ्यासात २८०० रुग्णांच्या घरांतली दहा हजारांवर माणसे होती. निम्म्या घरांत रुग्णाबरोबर बाकीच्यांनाही तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वे दिली. २०२३ मध्ये निकाल आला तेव्हा त्या घरांत नवा क्षय ३९ टक्क्यांनी कमी झालेला होता. किराणा सामानाने एवढे काम केल्याचे इतक्या शिस्तीच्या चाचणीत प्रथमच दिसले.

आता सिकलसेल. विदर्भातल्या आदिवासी आणि दलित वस्त्यांत हा आजार कोणाला समजावून सांगावा लागत नाही. अंगातली कळ काय असते ते पोरांनाही ठाऊक असते. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेने ‘कॅसजेव्ही’ या पहिल्या क्रिस्पर उपचाराला परवानगी दिली. गर्भात असताना चालणारे आणि जन्मानंतर बंद होणारे हिमोग्लोबिन त्यात पुन्हा सुरू केले जाते. पाहणीतल्या ३१ रुग्णांपैकी २९ जण सलग वर्षभर तीव्र कळांतून सुटले. कौतुक करावे तेवढे थोडे. तेव्हा जाहीर झालेली अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने माणशी १८ कोटी रुपयांच्या घरात. शिवाय त्याआधी केमोथेरपीने स्वतःचा अस्थिमज्जेतला साठा रिकामा करावा लागतो, ते वेगळेच.

त्याच रोगावर नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी वेगळा प्रश्न विचारला होता. हायड्रॉक्सीयुरियाचा डोस परदेशात हळूहळू वाढवत नेतात आणि त्यासाठी सारखे रक्त तपासावे लागते. आपल्या मुलांना किलोमागे १० मिलिग्रॅम एवढाच ठरलेला कमी डोस पुरेल का? तुलनात्मक चाचणीत तो पुरला. कळा कमी झाल्या, रक्त चढवण्याची वेळ कमी आली, भरती होणेही घटले. दोन्ही संशोधने अव्वल दर्जाची. तरी कारंजा किंवा आर्वीतल्या मुलाच्या हातात आज त्यातले कोणते पडू शकते, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

शेतीकडे वळले की सूर थोडा बदलतो. हिंगणघाटचा कापूस एकोणिसाव्या शतकात लांब धाग्यासाठी इंग्रजांच्या बाजारात नावाजलेला होता. आज जिल्ह्यात पऱ्हाटीची गोष्ट निघाली की गुलाबी बोंडअळीचे नाव आल्याशिवाय राहत नाही. शेतकरी फूल उघडून पाहतो. पाकळ्या गुंफलेल्या, न उमललेल्या दिसल्या की ती डोमकळी, आत अळी बसलेली. बोंडात शिरली की वरून काही दिसत नाही आणि वेचणीला कवडी हाती येते. बीटी कापसाची विषारी प्रथिने पचवणाऱ्या अळ्या आधी गुजरातेत दिसल्या आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात हाहाकार झाला. भारतीय अळ्यांचे जनुक २०१४ मध्ये तपासले, तेव्हा बीटीचे प्रथिन जिथे चिकटते ते कॅडहेरिन त्यांनी एकदोन नव्हे, आठ निरनिराळ्या तऱ्हांनी मोडलेले आढळले.

हीच अळी अमेरिकेने २०१८ मध्ये देशातून निपटली. बियाण्यात बीटी तिथेही होते. पण अळ्यांत बीटी पचवण्याची ताकद पसरू नये म्हणून शेजारी साध्या कापसाचे पट्टे पेरण्याची शिस्त पाळली गेली आणि पुढे विमानातून वंध्य पतंग सोडले गेले. आपल्याकडे साध्या बियाण्याचे पाकीट बांधावर पडून राहिले आणि फरदड, म्हणजे हंगाम संपूनही न उपटलेली पऱ्हाटी, मार्चपर्यंत उभी राहिली. दोष शेतकऱ्याच्या माथी मारून मोकळे होणे सोपे आहे. दोन-चार एकरांच्या धन्याला पट्टा राखणे परवडेल अशी व्यवस्था कोणी लावली होती, हाही प्रश्न जीवशास्त्राच्या सत्रात यावा, अशी यजमानांची इच्छा आहे.

मटेरियल सायन्सच्या मंडळींना अलीकडे मोठा मान मिळाला. २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल सुसुमु किटागावा, रिचर्ड रॉबसन आणि ओमर यागी यांना धातू व सेंद्रिय रेणूंच्या सच्छिद्र सांगाड्यांसाठी मिळाले. कोरड्या हवेतून पाणी ओढणे हा त्यांचा सर्वांत लाडका उपयोग. मे महिन्यात ४५ अंशांत टँकरची वाट पाहणाऱ्या जिल्ह्याचे कान टवकारणारच. पण आकडे क्रमाने पाहावेत. २०१७ च्या निबंधात २० टक्के आर्द्रतेला एक किलो पदार्थ दिवसाला २.८ लिटर पाणी देऊ शकेल, असे होते. दुसऱ्या वर्षी ॲरिझोनाच्या वाळवंटात नेल्यावर मिळाले सुमारे १०० मिलिलिटर. स्वस्त ॲल्युमिनियमच्या प्रकाराने ते दुपटीवर नेले आणि २०१९ मध्ये मोहावी वाळवंटात आकडा ०.७ लिटरपर्यंत चढला. शोधकांनी स्वतःच बाहेर नेऊन स्वतःचा ताळा केला आणि उतरलेला आकडा न लपवता छापला. नोबेलपेक्षा हे वर्धेकरांना जास्त आवडेल.

घरचा मुद्दा टाळता येणार नाही. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि तिच्यातल्या जास्त कुरकुमिनचा जिल्ह्याला अभिमान आहे. हळदीचे अमेरिकी पेटंट १९९७ मध्ये रद्द झाले, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखालची सीएसआयआर लढली, हेही सर्वांना पाठ आहे. पण कर्करोगापासून विस्मरणापर्यंत सगळे कुरकुमिनने बरे होते, हे सिद्ध झालेले नाही. २०१७ मध्ये औषधी रसायनशास्त्रज्ञांनी सगळे पुरावे चाळले. हा रेणू रक्तात नीट उतरत नाही, पटकन मोडतो आणि प्रयोगशाळेतल्या चाचण्यांना फसवतो, असे त्यांनी लिहिले. वायगावची हळद रंगाला आणि स्वादाला एक नंबर आहे. दुपारच्या जेवणात वरणात ती असेल. औषध म्हणून वाढलेली नाही.

व्यवस्थेबद्दल दोन शब्द. मगन संग्रहालय आणि सेवाग्राम आश्रम पाहू इच्छिणाऱ्यांनी नोंदणी टेबलावर नाव द्यावे, गाडीची सोय आहे. परतताना गोरस भांडारातला गोरसपाक जरूर न्यावा. मधुमेहाच्या सत्रातल्या वक्त्यांनी तो आपल्या जबाबदारीवर न्यावा. कुठे काही उणे पडले तर कार्यकर्त्यांना हक्काने सांगा, पोरे तरुण आहेत आणि उत्साही आहेत. स्वागत समितीच्या वतीने आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत. पहिले सत्र सिकलसेलचे आहे आणि वक्ते तयार आहेत.