सहीच्या पुढे

(जळगाव व धुळे जिल्ह्यांत प्रौढ साक्षरता वर्ग घेऊ इच्छिणाऱ्या स्वयंसेवक कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन.)



नोंदणी कशी करायची, पुस्तिका कुठे मिळतात, परीक्षा कशी असते हे सगळं सकाळी सांगून झालं आहे. मी तिकडे वळत नाही. मला एकच मुद्दा मांडायचा आहे आणि तो आपल्याच कामाबद्दल आहे. अंगठ्यावरून सहीवर आलेल्या बाईला आपण टाळ्या वाजवून घरी पाठवतो. ती बाई कधी कधी अंगठा देणाऱ्या बाईपेक्षा जास्त अडचणीत असते.

कसं ते सांगते. आमच्या एका वर्गावर चाळिशी उलटलेली एक बाई यायची. आधीच्या कुठल्याशा मोहिमेत ती सही शिकली होती. स्वतःचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, छान वळणदार. बाकी एक अक्षर वाचता येत नव्हतं. वडील वारल्यावर पहिल्याच दिवाळीला भाऊ घ्यायला आला. भाऊबीज झाली आणि दोन दिवसांनी भावाने हिला आणि धाकट्या बहिणीला जीपमध्ये बसवून तालुक्याला नेलं. धाकटीचा अंगठा. तिला तिथे विचारलं गेलं की बाई, कागद कशाचा आहे ते कळलं का, आणि कुणीतरी दोन ओळी वाचूनही दाखवल्या. हिला विचारलं ते एवढंच, सही तुमचीच ना? भाऊ कौतुकाने म्हणाला, आमची अक्का शिकलेली आहे. अक्काने सगळ्या पानांवर सह्या केल्या. वारस लावण्याचा कागद असेल असं तिला वाटलं होतं. तो होता हक्कसोडपत्राचा.

आता कायद्याचं थोडं. निरक्षर बाईकडून कागद करून घेतला असेल, तर तो तिला वाचून दाखवला, समजावून सांगितला आणि तिने समजून-उमजून अंगठा दिला हे दाखवण्याचा भार कागद करून घेणाऱ्यावर पडतो. आपल्या न्यायालयांनी हे पुन्हा पुन्हा मानलेलं आहे. सही करणाऱ्याने मात्र वाचूनच सही केली असं सर्वसाधारणपणे धरून चालतात. म्हणजे आपण तिला जे अर्धं शिकवलं, त्याने तिचं होतं तेवढं संरक्षणही पातळ झालं. म्हणून मी म्हणते, सहीपाशीच थांबायचं असेल तर वर्ग सुरू करू नका.

कुणी म्हणेल, वाचता आलं असतं तरी तिने सही केलीच असती, माहेर कोण तोडतं? खरं आहे. मी तिला हेच विचारलं होतं. ती म्हणाली, 'केली असती ताई. पण मग मी भावाला दिलं असं म्हणता आलं असतं. आता मी दिलंही नाही आणि माझ्याकडे उरलंही नाही.'

मुलींच्या हिश्शाचा कायदा महाराष्ट्राने १९९४ साली केला, म्हणजे केंद्राच्या ११ वर्षं आधी. पण त्यात तेव्हा लग्न झालेल्या मुली बाहेर राहिल्या. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने लग्न झालेल्या-न झालेल्या सगळ्या मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. २००५ साली वडील हयात होते की नव्हते यावरून वाद चालले होते, तेही सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली मुलींच्या बाजूने मिटवले. कायदा इतका पुढे आला आणि गावोगावी हक्कसोडपत्रं वाढत गेली. एक सावधगिरी मात्र ठेवा. शिरपूर, चोपडा, यावल या सातपुड्याकडच्या पाड्यांवर हे जसंच्या तसं सांगू नका. हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही, आणि मुस्लिम बहिणींचा वारसा त्यांच्या कायद्याने चालतो. वर्गात कोण बसलंय ते आधी पाहा.

हे शिकवण्याचं काम काही आपण नव्याने काढलेलं नाही. जोतीराव-सावित्रीबाईंनी कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली ती १८५५ साली. साताऱ्यात १९५९ मध्ये ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढे राज्यभर गेली. १९७८ चा प्रौढ शिक्षण कार्यक्रम, १९८८ चे राष्ट्रीय साक्षरता मिशन, २००९ चा साक्षर भारत आणि २०२२ पासून हा नवभारत साक्षरता कार्यक्रम. नावं बदलत गेली. प्रत्येक वेळी गावात पहिला प्रश्न विचारला गेला तो आकड्याचा. किती झाले? आणि आकडा भरायला सहीसारखं सोपं काही नाही. १९८८ च्या मिशनचा भर १५ ते ३५ वयावर होता. तेव्हा पस्तिशी ओलांडलेल्या, म्हणजे आज सत्तरी ओलांडलेल्या आपल्या आया-सासवा त्या हिशेबात नव्हत्याच. आता १५ च्या पुढे वरची मर्यादा नाही, हे या कार्यक्रमातलं मला आवडलेलं कलम. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात शंभरातले ८८ पुरुष साक्षर होते आणि बाया ७६. त्या ७६ मध्ये नुसत्या सहीवाल्या किती, हे कुठलाच रकाना सांगत नाही.

वाचायला शिकवताना काय वाचायला देतो याला फार महत्त्व आहे. आंध्रातल्या नेल्लोर जिल्ह्यात १९९१-९२ च्या सुमारास साक्षरता वर्गाच्या पुस्तकात दारूने उद्ध्वस्त झालेल्या घराची गोष्ट होती. बाया ती वाचत, त्यावर बोलत. दुबगुंटा गावच्या बायांनी गावातलं दारूचं दुकान बंद पाडलं, ते लोण जिल्हाभर पसरलं आणि १९९३ साली सरकारला राज्यात अरक बंद करावी लागली. आपल्याकडे शहाद्यात, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, १९७२-७३ साली भिल्ल बायांनी दारूची मडकी फोडली ती कुठल्या पुस्तकावाचून, हेही विसरू नका. अक्षराशिवाय बाई गप्प बसते असं मुळीच नाही. पण मडकं फोडता येतं, कागद फोडता येत नाही. तो वाचावाच लागतो.

इथे बहिणाबाईंचं नाव हमखास निघतं. दोन्ही जिल्ह्यांत साक्षरतेच्या एकाही उद्घाटनात ते चुकत नाही. आसोद्याच्या या बाईला लिहिता-वाचता येत नव्हतं, तरी केवढं शहाणपण, वगैरे. मला याचा थोडा राग येतो. त्या गात होत्या आणि मुलाने आणि त्याच्या मावसभावाने टिपून ठेवलं म्हणून आपल्याला मिळालं. पुस्तक निघालं १९५२ साली, त्या गेल्या त्याच्या आदल्या वर्षी. टिपणारा मुलगा ज्यांना नव्हता अशा किती जणींचं मातीत गेलं असेल! तेव्हा त्यांचं नाव जरूर घ्या, पण निरक्षरतेचं कौतुक करायला घेऊ नका.

आता प्रत्यक्ष वर्गाकडे येते. पहिलं म्हणजे चष्मा. तुम्हाला हसू येईल. चाळिशीच्या पुढची बाई 'मला काही डोक्यात शिरत नाही' म्हणते, तेव्हा निम्म्या वेळी तिला अक्षर दिसत नसतं. सुईत दोरा नातीकडून ओवून घेते का, एवढं विचारा. पहिल्या आठवड्यात डोळे तपासून आणले तर पुढचे दोन महिने वाचतात.

दुसरं, वेळ. कपाशीची वेचणी सुरू झाली की वर्ग बसत नाही. बाया दिवसभर रानात, किलोवर मजुरी, संध्याकाळी बोटं सोललेली. रावेर-यावलकडे केळीचं काम वर्षभर चालतं, तिथला हिशेब वेगळा. रात्री साडेआठनंतर, भांडी झाल्यावर, दीड तास मिळतो आणि त्यातला अर्धा गप्पांत जातो. जाऊ द्या. तुमचं वेळापत्रक त्यांच्या हंगामावर बसवा.

तिसरं, भाषा. पुस्तक प्रमाण मराठीत आहे आणि धुळ्याची बाई अहिराणी बोलते, जळगावकडची तिच्या बोलीत, पाड्यावरची भिली किंवा पावरी. पुस्तकात 'आहे' असतं, तिच्या तोंडात 'शे' असतं. तिने 'शे' वाचलं तर चूक धरू नका. तिच्या डोळ्यांनी शब्द ओळखला आणि अर्थ बरोबर लावला, आणखी काय हवं? माझ्या वर्गावर मी पहिले पंधरा दिवस फळ्यावर बायांची स्वतःची वाक्यंच लिहायचे. 'मन्हं नाव' हे पहिलं. त्यावरून म, न, व आपोआप आले. ग ग गणपतीचा करत प्रौढ बाईला बालवाडीत बसवू नका, ती दुसऱ्या दिवशी येत नाही.

नावावरून एक सांगायचं राहिलं. 'कोणतं नाव लिहू?' असं बाया विचारतात. माहेरचं वेगळं, सासरचं वेगळं, सातबारावर तिसरंच, आधार कार्डावर चौथं. हा गमतीचा प्रश्न नाही. वारस नोंदीच्या वेळी नाव जुळत नाही म्हणून बायांना खेटे घालावे लागतात. दोन्ही नावं लिहायला शिकवा. नवऱ्याचं नाव तोंडाने न घेणारी एक मावशी ते पाटीवर लिहून झाल्यावर म्हणाली, 'हाताने घेतलं तर चालतं ना ग?' सगळा वर्ग हसला. नंतर तिने ते पुसून सात वेळा लिहिलं.

आणि आता माझा आग्रह. पुस्तिका संपायची वाट न पाहता दुसऱ्या महिन्यापासून कागद वर्गात आणा. रेशनकार्ड, विजेचं बिल, बसची पाटी यांनी सुरुवात करा. मग सातबारा. त्यात भोगवटादाराचं नाव कुठे असतं, इतर हक्कात काय लिहितात, बोजा म्हणजे काय. मग फेरफारची नोटीस. तिच्यावर हरकत घ्यायला १५ दिवस असतात, आणि ती नोटीस घरच्या पुरुषाच्या हातात पडते. गटाच्या कर्जाचं कार्ड आणा. छोटी कर्जं देणाऱ्या कंपन्यांनी कर्जदाराला समजेल अशा भाषेत कर्ज-कार्ड द्यायचं असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे. ते मराठीत नसेल तर बायांनी मागायचं. व्याज किती, हप्ते किती, दुसरीच्या हप्त्याला आपण जामीन आहोत का, हे तिने स्वतः बोट ठेवून दाखवलं पाहिजे.

मोबाइलही कागदच आहे. लाडकी बहीण योजनेचे अर्ज २०२४ साली भरले गेले तेव्हा बऱ्याच घरांत ओटीपी मुलाच्या फोनवर आला, पैसे जमा झाल्याचा मेसेजही तिथेच. पैसे तिचे, बातमी दुसऱ्याला आधी. मेसेज बहुधा इंग्रजीत असतो, म्हणून इंग्रजी आकडे आणि जमा-नावेचे दोन-चार शब्द ओळखायला शिकवा. इंग्रजी वाचन नंतर पाहू.

हे सुरू केलंत की घरातून विरोध येईल, तेही सांगून ठेवते. सही शिकताना कुणी अडवत नाही. नवरे स्वतः आणून सोडतात. सातबारा वर्गात आला की वर्ग लांब वाटू लागतो, रात्रीचं बरं नाही असं ऐकू येतं, एखादीच्या सासूची तब्येत बिघडते. एका गावात आमच्या अकरा जणींतल्या पाच उरल्या. अशा वेळी भाषण देऊ नका. घरी जा, चहा घ्या, सासूलाही बोलवा. आमच्याकडे एका घरची सासू बघायला आली ती बसलीच, आणि तिच्यामुळे सून टिकली. उरलेल्या पाच जणींचा वर्ग मात्र बंद करू नका, आकड्यासाठी तर मुळीच नाही.

परीक्षा १५० गुणांची आहे. वाचन, लेखन, संख्याज्ञान, प्रत्येकी ५०. बायांना ती द्यायला लावा, प्रमाणपत्राचा आनंद मोठा असतो. पण तुमची स्वतःची एक परीक्षा ठेवा. कोरं हक्कसोडपत्र समोर ठेवा आणि विचारा, यात कोण कुणाला काय देतंय? ती सांगू शकली की माझ्या लेखी वर्ग झाला.

मागच्या टेबलावर हक्कसोडपत्राच्या कोऱ्या नमुन्याच्या आणि नावं खोडलेल्या सातबाराच्या प्रती ठेवल्या आहेत. अक्षर मोठं करून घेतलंय. प्रत्येकीने दोन-दोन घ्या. आणि उद्या गटात बसाल तेव्हा आधी एकमेकींना त्या वाचून दाखवा. आपल्यातल्याही किती जणींनी आपल्या माहेरचा सातबारा पाहिलाय, ते तेव्हा कळेल.