पावलांना लेखणीत बांधणारा वृद्ध

मूर्तिकारामागे त्याची मूर्ती उरते, कवीमागे पोथी उरते. नर्तकाची कला मात्र पाऊल थांबताच लोप पावते. सोळाव्या शतकातील फ्रान्समध्ये या नश्वरतेवर ज्याने उपाय योजला, तो कोणी नर्तक नव्हता. लांग्र नगरीच्या मुख्य चर्चमधील तो एक वृद्ध धर्माधिकारी होता. त्याचे नाव जाँ ताबुरो. स्वतःच्या नावातील अक्षरांची उलटापालट करून त्याने ‘त्वानो आर्बो’ हे टोपणनाव घेतले. त्याचा ‘ऑर्केसोग्राफी’ हा ग्रंथ १५८९ साली लांग्र येथेच छापला गेला, तेव्हा त्याची सत्तरी जवळ आली होती आणि देश धर्मयुद्धांत होरपळत होता.

ग्रंथाची रचना गुरुशिष्यसंवादाची आहे. काप्रियोल हा तरुण वकील कायद्याचे अध्ययन संपवून परततो; परंतु नाचता येत नसल्यामुळे चारचौघांत, विशेषतः स्त्रियांसमोर, त्याची कुचंबणा होते. त्या समाजात नृत्य ही निव्वळ करमणूक नव्हती. विवाहेच्छू तरुणतरुणींनी सर्वांदेखत एकमेकांना पारखावे, अशी ती एक शिष्टसंमत रीत होती.

आर्बो त्याला संथ, भारदस्त पाव्हान शिकवतो. उड्या घेणारे चपळ गायार्द शिकवतो. आणि हात धरून फेर धरण्याचे नाना प्रकारचे ब्रांलही शिकवतो. एका ब्रांलमध्ये तर सेन नदीवर कपडे धुणाऱ्या बायकांच्या धोपटण्याचा आवाज टाळ्यांनी काढावयाचा असतो!

आर्बोचा खरा विशेष त्याच्या मांडणीत आहे. जुन्या दरबारी नाचांच्या टिपणांत पावलांची आद्याक्षरे तेवढी असत. ज्याला नाच आधीच येतो, त्यालाच ती उमगत. आर्बोने स्वरलिपी पानावर उभी मांडली आणि प्रत्येक स्वरासमोर त्यावर पडणारे पाऊल शब्दांत लिहिले. प्राचीनांची नृत्ये कोणी लिहून ठेवली नाहीत म्हणून नष्ट झाली, ही खंत या खटाटोपामागे होती.

ग्रंथ हातांच्या हालचालींविषयी फारसे बोलत नाही. म्हणून त्या नृत्यांचे संपूर्ण रूप आज कोणालाच दिसणार नाही. तरीही त्यातील चालींवर इंग्रज संगीतकार पीटर वॉरलॉक याने १९२६ मध्ये ‘काप्रियोल’ ही वाद्यरचना उभी केली, आणि त्यातील पावले वाचून हौशी मंडळी आजही फेर धरतात. गुरूला शिष्य एकच हवा होता. लेखणीने त्याला चार शतकांचे शिष्य मिळवून दिले.